आमचा वड

वड हा आपल्या सर्वांच्या ओळखीचा वृक्ष आहे. तो भारताचा राष्ट्रीय वृक्ष आहे. आपल्या जवळच्या चिंचवडच्या नावात चिंच आणि वड ही दोन्ही झाडे आहेत.

वडाच्या फांद्यांना पारंब्या फुटतात. त्या जमिनीला टेकल्या की मूळ धरतात आणि खांबासारख्या जाड होतात. कोलकात्याजवळ हावड्याच्या बागेत एक वड आहे. तो अडीचशे वर्षांहून जुना आहे. त्याचे मधले खोड किडले म्हणून १९२५ साली काढून टाकले. तरी झाड पारंब्यांवर अजून उभेच आहे!

वडाला फूल येत नाही असे मला वाटायचे. गुरुजींनी लाल फळ फोडून दाखवले. फुले आतच होती, आणि चिलटाएवढे किडेपण निघाले. ते किडे आत शिरतात म्हणून बी धरते. मग कोणीच फळ चाखले नाही. पाखरे मात्र आवडीने खातात. त्यांच्या शिटेतून बी पडते, म्हणून देवळाच्या भिंतीतसुद्धा वड उगवतो.

माझी आजी टाचेच्या भेगांत वडाचा चीक भरते. तो हाताला लागला की निघता निघत नाही. पूर्वी लोक पारंबीने दात घासत व पानांच्या पत्रावळी लावत. वडाच्या सालीच्या काढ्याने जखम धुतात, असे आयुर्वेदात आहे.

ज्येष्ठ पौर्णिमेला वटपौर्णिमा असते. सावित्रीने सत्यवानाचे प्राण यमाकडून वडाखालीच परत आणले, अशी गोष्ट आहे. त्या दिवशी बाया वडाला सूत गुंडाळून फेऱ्या घालतात. आमच्या गावचा वड चाकणच्या रस्त्याला होता. रस्ता रुंद केला तेव्हा तो तोडला. तिथे एस. टी.ची वाट पाहणारी माणसे आता उन्हात उभी राहतात. यंदा आईने बाजारातून वडाची डहाळी विकत आणून पुजली. दुसऱ्या दिवशी ती सुकली. आजी म्हणाली, "अगं, झाड मोडून झाडाची पूजा कशी व्हायची?" आई काहीच बोलली नाही.

मी गुरुजींना विचारले, फांदी लावली तर जगेल का? ते म्हणाले, बारीक डहाळी जगत नाही, मनगटाएवढी जाड फांदी पावसाळ्यात लावली तर जगते. मग आजोबांनी मळ्यातल्या वडाची एक फांदी आणली. ती आम्ही शाळेच्या भिंतीपासून लांब लावली, कारण वडाची मुळे भिंत फोडतात. परवा तिला लालसर कोंब आला आहे.

पालकांना विनंती आहे की शाळेच्या कुंपणात शेळ्या सोडू नयेत. शेळीला वडाचा पाला फार आवडतो.

— इयत्ता चौथी