आर्टेमियाला बेताने वाढा

१९७२ साली अपोलो १६ यानातून चंद्रापर्यंत जाऊन आलेल्यांत आर्टेमियाची अंडीही होती. अंतराळातल्या किरणांचा सजीवांवर काय परिणाम होतो, हे तपासायला ती नेली होती. अशा प्रवासाला पाठवण्याइतका चिवट असलेला हा जीव घरातल्या बरणीत मात्र चिमूटभर जास्तीच्या यीस्टने एका रात्रीत मरू शकतो. गप्पी किंवा फायटर माशांच्या पिल्लांसाठी आर्टेमिया वाढवणाऱ्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं.

आर्टेमिया हा खाऱ्या तळ्यांत आणि मिठागरांत राहणारा, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा जीव. कोळंबीशी त्याचं नातं दूरचंच. पोहतो तो उताणा, पायांच्या अकरा जोड्या अखंड हलवत. दुकानात मिळते ती तपकिरी पूड म्हणजे त्याची अंडी. खरं तर प्रत्येक कणात सुमारे ४,००० पेशींचा गर्भ वाढ थांबवून बसलेला असतो. पाणी आटलं की ट्रेहॅलोज नावाची साखर त्याच्या पेशींतलं पाण्याचं काम सांभाळते, पेशींची पटलं कोसळू देत नाही. कोरडी राहिली तर ही अंडी वर्षानुवर्षं टिकतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात मात्र उघडी राहिलेली डबी वाया गेलीच म्हणून समजा. दमट हवेने गर्भ अर्धवट जागा होतो आणि जवळची शिदोरी संपवून बसतो. डबी घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवावी.

उबवणं सोपं आहे. लिटरभर पाण्यात साधारण दीड मोठा चमचा मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, वर दिवा आणि तळाशी एअर पंपची नळी. पाणी २८ अंशांच्या आसपास असलं की चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी ठिपके वळवळू लागतात. मग हवा बंद करून बाटलीच्या एका बाजूला टॉर्च धरायचा. टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात आणि पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. तिथूनच ती नळीने ओढून घ्यायची. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकू शकतात, म्हणून या दहा मिनिटांत घाई नको.

नारिंगी रंग असतो तो पोटातल्या बलकाचा. पहिल्या अवस्थेतल्या पिल्लाचं तोंड आणि पचनमार्ग अजून उघडलेलेच नसतात. त्यामुळे त्याला काही भरवायला जाणं व्यर्थ, ते नुसतं पाणी नासवणं. माशांना द्यायची असतील तर मात्र हीच वेळ उत्तम, कारण बलक भरलेला असतो. आठ-बारा तासांनी पिल्लू कात टाकतं आणि खायला लागतं. तोवर बलक बराचसा जळून गेलेला असतो. स्पिरुलिनाची पूड वगैरे खाऊ घालून पिल्लं सकस करायची, तर ती या कातीनंतरच.

मोठी करायची असतील तर आर्टेमियाची खोड ओळखायला हवी. समोर आलेले बारीक कण तो पायांनी गाळून तोंडाकडे सरकवत राहतो. पोट भरलं म्हणून थांबणं त्याला ठाऊक नाही. न पचलेलं तसंच बाहेर पडतं, जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. जाणकार पाण्याकडे बघून वाढतात. यीस्ट किंवा स्पिरुलिना वेगळ्या वाटीत कालवून पाणी किंचित गढूळ होईल इतकंच घालायचं, आणि ते पुन्हा निवळेपर्यंत हात आखडता ठेवायचा. हिरवं शेवाळी पाणी मिळालं तर त्याहून चांगलं. प्राणवायू कमी पडला की आर्टेमिया हिमोग्लोबिन वाढवतो आणि लालसर दिसू लागतो. हा रंग दिसला तर कौतुक करत बसू नका, आधी हवा वाढवा. पण बुडबुडे मोठे हवेत. बारीक बुडबुडे त्याच्या पायांत अडकतात. बाष्पीभवनाने उतरलेली पातळी गोड्या पाण्याने भरायची, कारण मीठ कुठे उडून गेलेलं नसतं.

दोन-तीन आठवड्यांत ही मंडळी वयात येतात. मुंबईच्या मिठागरांतूनही आर्टेमियाची नोंद झालेली आहे. आपल्याकडच्या मूळ आर्टेमियात माद्याच असतात आणि नराविना प्रजा होते. डब्यातली अंडी बहुधा अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून आलेल्या दुसऱ्या जातीची. ही पाहुणी जात भारतातल्या मिठागरांत शिरल्याचं आढळलं आहे. युरोपात तिने स्थानिक आर्टेमियाला अनेक ठिकाणी हुसकावून लावलं. म्हणून उरलेली बरणी खाडीत किंवा मिठागराच्या कडेला रिकामी करू नये. आर्टेमिया गाळून, गोड्या पाण्याने धुऊन बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा. मासे तो गोठवलेलाही आवडीने खातात.