वणवा कुठे लागलाय? मोबाईलवर असं बघा

गेल्या मार्चमध्ये आमच्या मालवणजवळच्या सड्यावर सुकं गवत पेटलं. ग्रुपवर फोटो धडाधड येत होते, पण त्यातले कितीतरी जुनेच! आमची काजूची कलमं सड्याला लागूनच. म्हणून मी नासाची ‘फर्म्स’ ही मोफत साईट उघडली. उपग्रहाने टिपलेली उष्णता ती नकाशावर लाल ठिपक्यांनी दाखवते.

नकाशा कोराच होता. का? उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो आणि माहिती दिसायला तीनेक तास लागू शकतात. एक ठिपका म्हणजे साधारण ३७५ मीटरचा चौकोन. त्यात छोटी आग सुटूही शकते. म्हणजे ठिपका नाही, म्हणून आग नाही असं समजू नका.

तोवर बाबा आणि वाडीतल्या माणसांनी गवत कापून पट्टा मोकळा केला, ओल्या डहाळ्यांनी झोडपून आग विझवली. कलमं वाचली.

मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य पेटलं, तेव्हा हेलिकॉप्टरनी पाणी टाकलं. आपल्या सड्यावर हेलिकॉप्टर कुठलं यायला! म्हणून धूर दिसला की आधी वनविभागाच्या १९२६ वर किंवा ११२ वर फोन करा, वाडीत हाक द्या. नकाशा त्यानंतर.