लेसर-झोताला आकार देणारी काच
लेसरचा झोत वरकरणी एकजिनसी भासला, तरी त्याची तीव्रता बहुधा मध्यभागी कमाल असून कडेकडे उतरत जाते. आणि जेथे साऱ्या पृष्ठावर समान उष्णता पोचवणे जरुरीचे असते, तेथे ही विषमता अडचणीची ठरते. ती घालवायची तर झोतातले किरण वळवून ऊर्जा नव्याने वाटावी लागते. नेहमीचे भिंग प्रकाशाला केवळ आपल्या पृष्ठभागांवर वळवते. परंतु ज्या काचेचा अपवर्तनांक आतल्या आत क्रमशः बदलत नेलेला असतो, तिच्यात किरण वाटभर वळत राहतो, आणि तोही अधिक अपवर्तनांकाच्या बाजूस. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८५४ साली अशा गोलाकार भिंगाचे गणित मांडले खरे, पण तसली काच घडवणे हा मामला निराळा. आज वितळलेल्या क्षारात काचेची कांडी बुडवून तिच्यातील आयनांची अदलाबदल करवतात, आणि त्यामुळे तिचा अपवर्तनांक क्रमशः बदलतो.

झोताला आकार देणारी अशी काच आखणाऱ्या रचनाकाराचा हिशेब मात्र उलट दिशेने चालतो: बाहेर पडणाऱ्या झोतात ऊर्जेची वाटणी कशी हवी हे आधी मुक्रर करून, मधले किरण किती पांगवावेत व कडेचे किती आवरावेत हे तो ठरवतो, आणि मग त्या मार्गांना अनुरूप असे अपवर्तनांकाचे वितरण शोधतो. एवढ्यानेही भागत नाही. बाहेर पडताना किरण पुन्हा समांतर झाले नाहीत, तर मेहनतीने साधलेली समता थोड्याच अंतरावर विसकटते.