पिकल्या फळांचा घरगुती पाव

फळांचा हंगाम ही निसर्गाची मोठी देणगी खरी. पण घरांत केळ्यांचा सबंध घड एकाच वेळीं पिवळा झाला, कीं तीच देणगी गृहिणीला काळजीचा विषय होऊन बसते. पहिल्या दिवशीं मुलें हौसेनें केळीं खातात, दुसऱ्या दिवशीं शिकरणीचा बेत होतो, तिसऱ्या दिवशीं शेजारीपाजारीं वांटणी होते, आणि चौथ्या दिवशीं उरलींसुरलीं काळीं पडलेलीं केळीं टाकून द्यावीं लागतात. पपई, फणस, अननस, आंबा यांचीहि कथा निराळी नाहीं. अशा वेळीं फळांचा गर पिठांत मळून घरच्या घरीं पाव भाजला, तर पुष्कळसें फळ सार्थकीं लागतें. मात्र प्रत्येक फळाचा स्वभाव ओळखूनच हें काम केलें पाहिजे. नाहीं तर फळाबरोबर पीठहि वायां जावयाचें.

फळ आणि पीठ यांची सांगड आपणांस मुळींच परकी नाहीं. कोंकणांत बरक्या फणसाच्या रसांत तांदुळाचा रवा भिजवून सांदणें उकडतात. काकडीचें धोंडस खालींवर निखारे ठेवून भाजतात. आणि मंगळुराकडे पिकलें केळें, मैदा व दही एकत्र मळून, तें रात्रभर ठेवून, सकाळीं त्याचे 'बन' तळतात. पाव मात्र बाहेरून आला. तो शब्दच मूळ पोर्तुगीज भाषेंतला होय. १५१० सालीं गोवें पोर्तुगीजांच्या हातीं गेलें, आणि पुढें तेथील पोदेर माडाच्या सुरीनें पीठ फुगवून पाव भाजूं लागले. गंमत अशी कीं, अननस व पपई हीं अमेरिका खंडांतलीं फळेंहि पोर्तुगीजांच्याच व्यापारामुळें आपल्या देशांत रुजलीं. पाव व अननस एकाच वाटेनें आले; पण आपल्या स्वयंपाकघरांत त्यांची गांठ क्वचितच पडते.

प्रथम केळ्याचा विचार करूं. सगळा घड एकदम कां पिकतो? पिकूं लागलेल्या केळ्यांतून इथिलीन नांवाचा वायु सुटतो आणि तो शेजारच्या केळ्यांसहि पिकवितो. कच्च्या केळ्यांत शेंकडा वीस-पंचवीस भाग स्टार्च असतो. केळें पुरतें पिकेपर्यंत त्याची बहुतेक साखर होऊन जाते. म्हणून ज्या केळ्याच्या सालीवर काळे ठिपके उठले आहेत, आणि जें पानांत वाढावयास आपण संकोचतों, तेंच पावाला सर्वांत उत्तम. त्याचा गर सहज कुस्करला जातो, आणि त्यांतील गोडीमुळें वेगळी साखरहि बेताचीच लागते.

दुसरी गोष्ट पाण्याची. केळ्यांत व फणसाच्या गऱ्यांत शेंकडा सुमारें पाऊणशें भाग पाणी असतें. आंब्यांत, अननसांत व पपईंत तें त्याहूनहि अधिक. नेहमींच्या मापानें पाणी ओतून वर फळाचा गर घातला, तर पिठाचें सरबरीत होतें आणि पाव आंतून कच्चा राहतो. यासाठीं गर आधीं मिसळावा आणि दूध वा पाणी मागाहून, लागेल तसें, घालावें. आंब्याचा रस आटवून घ्यावा. बरक्या फणसाचा रस चाळणीवर घासून त्यांतील धागे काढून टाकावे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गव्हाचें पीठ भिजवून मळलें, म्हणजे त्यांतील प्रथिनांची एक चिवट जाळी तयार होते. तिला ग्लुटेन म्हणतात. यीस्टनें उत्पन्न केलेला वायु या जाळींत कोंडला जातो, म्हणूनच पाव फुगतो. ताज्या अननसांत ब्रोमेलेन, आणि पपईच्या, विशेषतः कच्च्या पपईच्या, चिकांत पपेन हीं प्रथिनें तोडणारीं द्रव्यें असतात. तीं ही जाळीच कुरतडून टाकतात. पीठ सैल व चिकट होतें आणि पाव बसतो. ताजा अननस घातलेलें दूध कांहीं वेळानें कडवट लागतें, त्याचेंहि कारण हेंच. उपाय सोपा आहे. उष्णतेनें या द्रव्यांचा जोर नाहींसा होतो. तेव्हां अननसाचा अथवा पपईचा गर चांगला उकळून, दाट होईपर्यंत शिजवून, पुरता निवल्यावरच पिठांत घालावा. ऊन ऊन गर घातला, तर यीस्ट मरून जाईल.

आतां केळ्याच्या पावाची कृति. कणीक व मैदा प्रत्येकीं २५० ग्रॅम, पिकल्या केळ्यांचा गर २०० ग्रॅम, कोरडें यीस्ट ५ ग्रॅम, साखर दोन चहाचे चमचे, मीठ दीड चहाचा चमचा आणि लोणी दोन मोठे चमचे घ्यावें. कोमट दूध सुमारें १५० मिलिलिटर लागेल. तें एकदम ओतूं नये. अंड्याची आवश्यकता नाहीं. पीठ दहा मिनिटें चांगलें मळून झांकून ठेवावें. तासा-दीड तासांत तें दुप्पट होतें. कडक उन्हाळ्यांत पाऊण तासहि पुरतो. मग हलक्या हातानें दाबून, दोन भाग करून, तूप लावलेल्या साच्यांत घालावें व पुन्हां अर्धा-पाऊण तास फुगूं द्यावें. आधींच तापविलेल्या भट्टींत १८० अंश सेल्सियसवर तीस ते पस्तीस मिनिटें भाजावें. फळांतील साखरेमुळें वरचा पापुद्रा लवकर तांबूस होतो. तसें दिसल्यास वर कागद झांकावा. बुडाशीं टिचकी मारली असतां पोकळ आवाज आला, म्हणजे पाव झाला. तो पुरता निवल्यावांचून कापूं नये.

विजेची भट्टी नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यांत मिठाचा थर पसरून, वर तिवई ठेवून, झांकण घालून मंद आंचेवर पाव भाजतां येतो. त्याला वरून रंग कमी येतो, इतकेंच.

शेवटीं दोन सूचना. ज्या फळाला बुरशी आली आहे किंवा ज्याला आंबूस वास सुटला आहे, तें पावांत खपवूं नये. अतिपक्व आणि नासकें यांत फरक आहे. फळाचा पाव ओलसर असल्यामुळें पावसाळ्यांत तो लवकर बुरसतो, म्हणून दोन दिवसांत संपवावा. दुसरें असें कीं, भाजतांना फळांतील सी जीवनसत्त्वाचा पुष्कळसा नाश होतो. तेव्हां फळाचा पाव ताज्या फळाची जागा घेऊं शकत नाहीं. मुलांना आधीं ताजें फळ द्यावें आणि जें उरेल त्याचाच पाव करावा. हंगामांतील विपुलतेचा खरा उपभोग अधिक खाण्यांत नसून, कांहीं वायां जाऊं न देण्यांत आहे. आणि तें गृहिणीच्या थोड्याशा ज्ञानानें व थोड्याशा तत्परतेनें सहज साधतें.