चांदी बुडाली, दावे तरंगले

भर समुद्रात जहाज अडवून चांदी उतरवून घेणं फार अवघड नाही. हवीत फक्त चार तोफा आणि थोडा निर्लज्जपणा. खरी गंमत पुढे सुरू होते: चांदी कुणाची? धाडणाऱ्याची, मागवणाऱ्याची, उधार देणाऱ्याची, की पकडणाऱ्याची?

राणीचं गणित बघा. 1568 साली नेदरलँड्समधल्या स्पॅनिश सैन्याच्या पगाराचा पैसा घेऊन निघालेली जहाजं चाच्यांच्या भीतीनं इंग्लंडच्या बंदरांत शिरली. पैसा जिनोव्हाच्या सावकारांनी स्पेनच्या राजाला दिलेलं कर्ज होता. पहिल्या एलिझाबेथनं हिशेब मांडला, की मुक्कामी पोहोचेपर्यंत तो सावकारांचाच; मग हेच कर्ज मी घेते! आयत्या बिळावर नागोबा, तोही परतफेडीचं वचन देणारा. चिडलेल्या स्पॅनिश सेनापती ड्यूक ऑफ अल्बानं नेदरलँड्समधल्या इंग्रज व्यापाऱ्यांचा माल जप्त केला, इंग्लंडनंही उलट तेच केलं आणि 1573 पर्यंत व्यापार ठप्प. भांडण राजा-राणीचं, कुलपं व्यापाऱ्यांच्या वखारींना.

1652 मध्ये, डचांशी युद्ध चालू असताना, इंग्रजांनी सॅमसन, साल्वाडोर आणि जॉर्ज ही चांदीची तीन जहाजं पकडली. कागदोपत्री त्यांचा डचांशी संबंध नव्हता. इंग्रजांना मात्र आत डच माल असल्याचा वास येत होता. चांदी गेली लंडनच्या टॉवरमधल्या टांकसाळीत. वितळलेल्या चांदीवर मालकाचं नाव कोण शोधणार?

आता जरा घराजवळ. सप्टेंबर 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्यानं औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज सुरतेच्या वाटेवर लुटलं. मोखा-जेद्द्याला माल विकून आलेलं सोनं-चांदी त्यात होतं. इतिहासकार खाफी खान लुटीचा आकडा 52 लाख रुपये सांगतो. ईस्ट इंडिया कंपनीनं धरला 3,25,000 पौंड, म्हणजे त्या वेळच्या दरानं जवळपास निम्मा. नुकसानभरपाईतली घासाघीस तेव्हाही अशीच! या प्रकरणी खाफी खान स्वतः मुंबईत इंग्रज गव्हर्नरला भेटला आणि नोंद करून गेला, की या बेटाचं उत्पन्न सुपारी-नारळाचं, ते दोन-तीन लाखांच्याही वर जात नाही. (आजच्या मुंबईतल्या एका फ्लॅटची किंमत ऐकून त्याला घेरीच आली असती.) लंडनच्या ज्यूरीनं मात्र एव्हरीच्या साथीदारांना या लुटीतून चक्क निर्दोष सोडलं. मग स्वतःचंच जहाज पळवल्याचा दुसरा खटला भरून पाच जणांना फाशी दिलं.

पण सगळ्यांत लांबलेली कथा ‘मर्सिडीज’ची. गाडी नव्हे, स्पॅनिश युद्धनौका. 5 ऑक्टोबर 1804. माँटेव्हिडिओहून निघालेल्या चार स्पॅनिश नौकांना इंग्रजांनी पोर्तुगालजवळ अडवलं, तेही युद्ध जाहीर नसताना. मर्सिडीजचा स्फोट झाला, अडीचशेच्या आसपास माणसं गेली. दिएगो दे अल्वेआर हा अधिकारी थोरल्या मुलासह शेजारच्या ‘मेदेआ’वर होता, बायको आणि बाकीची मुलं मर्सिडीजवर. त्यानं ते डोळ्यांदेखत पाहिलं. उरलेल्या तीन नौकांवरची चांदी इंग्रजांनी नेली. युद्ध जाहीर नसल्यानं कायद्यानं ती पकडणाऱ्या खलाशांची नाही, राजाची ठरली. जीव धोक्यात घातला कुणी, तिजोरी भरली कुणाची!

2007 मध्ये ओडिसी या अमेरिकन कंपनीनं मर्सिडीजच्या समुद्रतळावरच्या अवशेषांतून जवळपास 5,94,000 नाणी, म्हणजे 17 टन ऐवज काढून विमानानं फ्लोरिडाला नेला. मग रांगच लागली. स्पेन म्हणे, नौका आमची. पेरू म्हणे, चांदी आमच्या भूमीतली. पंचवीस जण म्हणाले, माल आमच्या व्यापारी पूर्वजांचा. या शेवटच्यांचं म्हणणं हवेतलं नव्हतं, कारण नौकेवरचा बराचसा ऐवज खरोखरच खासगी होता. ओडिसीनंही तोच मुद्दा धरला: भाडं घेऊन माल वाहणारी ती युद्धनौका कसली? कोर्टानं सांगितलं, युद्धनौका ती युद्धनौकाच, आणि पोटातला माल नौकेपासून वेगळा काढता येत नाही. फेब्रुवारी 2012 मध्ये स्पेनची दोन लष्करी विमानं येऊन सगळं घेऊन गेली. वारस रिकाम्या हातांनी घरी. मला विचाराल तर सगळ्यांत प्रामाणिक दावा त्यांचाच होता.

आणि हे ताजं. नोव्हेंबर 1942 मध्ये मुंबईहून निघालेली ‘तिलावा’ ही बोट जपानी पाणबुडीनं बुडवली. 280 जण गेले. तिच्यातल्या चांदीच्या 2,364 लगडी दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी होत्या. 2017 मध्ये एका कंपनीनं त्या वर काढल्या आणि मोबदला मागितला. परक्या सरकारच्या मालावर असा दावा चालायचा, तर तो माल व्यापारी वापरात हवा; म्हणून इंग्लंडच्या कोर्टात वाद रंगला, की जहाजाच्या पोटात नुसती पडून असलेली चांदी ‘व्यापारी वापरात’ होती का? 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘नाही’ म्हणत दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं कौल दिला. मजा म्हणजे, निकाल येण्याआधीच दोन्ही पक्षांनी तडजोड करून टाकली होती.