एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाण्याआधी

अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत, अमरावती जरा वर. एव्हरेस्टचा बेस कॅम्प आहे 5,364 मीटरवर. तिथे हवेचा दाब निम्म्यावर येतो आणि एका श्वासात मिळणारा प्राणवायूही जवळपास निम्माच. येत्या ऑक्टोबरात मी आणि आमचे हे तिथे चाललोय. माझं वय 63, ह्यांचं 68, आणि ह्यांना रक्तदाबाची गोळी रोज लागते. अकोल्याच्या नणंदबाई फोनवर म्हणाल्या, “काय वो वहिनी, ह्या वयात कायले जाता तिकडे?” त्यांची काळजी खरी आहे. म्हणूनच आमची तयारी सविस्तर सांगते.

कागदपत्रांचं काम सोपं. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. आधार कार्डाच्या भरवशावर मात्र निघू नये. सरकारतर्फे होणाऱ्या कैलास-मानसरोवर यात्रेला सत्तरीची मर्यादा आहे, बेस कॅम्पला तशी नाही. त्यामुळे जायचं की नाही, हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.

डॉक्टरांनी ह्यांचा ईसीजी, टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली. उंचीवर घ्यायची अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी दुकानातून परस्पर आणू नका. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. विम्याच्या कागदावर दोन गोष्टी बोट ठेवून वाचा: किती मीटर उंचीपर्यंत संरक्षण आहे, आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात धरलाय का. असलेला आजार विम्यात लपवू नका. ऐन वेळी दावा नाकारला जातो.

सरावासाठी आम्ही चिखलदऱ्याला जातो, गाविलगड चढतो. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास, त्यामुळे तिथे पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. ती सवय वाटेवरच होते. तीन हजार मीटरच्या वर गेलं की आदल्या रात्रीच्या मुक्कामापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंचीवर झोपायचं नाही. म्हणून नामचे बाजारला, 3,440 मीटरवर, एक दिवस जास्तीचा. पुढे दिंगबोचेला, 4,410 मीटरवर, पुन्हा एक. टूरवाल्याच्या कार्यक्रमात हे दोन दिवस नसतील तर तो कितीही स्वस्त असो, घेऊ नका. पायी वाट जिथून सुरू होते त्या लुक्लाचं विमान हवामानामुळे अडकतं, त्यासाठीही दोन-तीन दिवस हाताशी ठेवा.

खरा कस उतारावर लागतो. गुडघे तिथेच बोलतात. पाठीवर पाच किलो ज्वारीची पिशवी घेऊन जिना उतरण्याचा सराव आम्ही रोज करतो. बूट नवे कोरे नेऊ नयेत. उतरताना घोट्याजवळची नाडी आवळून बांधायची, म्हणजे पाऊल पुढे सरकत नाही आणि अंगठ्याची नखं काळी पडत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उंचीचा त्रास तरण्याताठ्यांनाही होतो. अंगातल्या ताकदीशी त्याचा संबंध नाही. डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नको होतं. तेव्हा आणखी वर चढायचं नाही. पुढे मेंदूला सूज आली तर चाल अडखळते, बोलणं असंबद्ध होतं, आणि ज्याला त्रास होतोय त्यालाच ते कळत नाही. अशा वेळी अंधार असो की थंडी, खाली उतरणं हाच इलाज. वयस्क जोडप्याची मोठी जमेची बाजू मला इथे दिसते. ह्यांची चाल मी इतकी वर्षं पाहत आलेय. ती बिघडली तर गाईडच्या आधी मला कळेल. रोज संध्याकाळी एकमेकांना टाच-चवडा जोडून सरळ रेषेत चालायला लावायचं, असं आम्ही ठरवलंय. एकाला उतरावं लागलं तर दुसऱ्यानेही उतरायचं, हेही ठरलंय.

तुम्ही जाणार असाल तर ही बोलणी पैसे भरण्याआधी घरीच करा. वर गेल्यावर, झालेला खर्च आणि समोरचं शिखर दिसत असताना, परत फिरायला कोणाचंच मन तयार होत नाही.