माहिती असूनही निर्णय का चुकतो?

एचआयव्हीचा संसर्ग भारतात प्रथम १९८६ साली मद्रास (आजचे चेन्नई) येथे आढळला. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि भिंतीवरील घोषणांपासून आकाशवाणीपर्यंत सर्व मार्गांनी लोकांना माहिती देण्यात आली. तरीही जाणती व्यक्ती ऐन वेळी खबरदारी घेतेच असे नाही. याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. मन निर्णय कसा घेते, हेही पाहावे लागते.

पहिली अडचण ‘मला काही होणार नाही’ या समजुतीची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना भावी आयुष्याविषयी विचारले, तेव्हा आपल्या वाट्याला इतरांपेक्षा वाईट कमी आणि चांगले अधिक येईल, असाच त्यांचा सर्वसाधारण कल दिसून आला. दुसरी अडचण परिचयाची. हा विषाणू वर्षानुवर्षे लक्षणांविना शरीरात राहू शकतो. पण ओळखीचा, नीटनेटका माणूस मनाला निर्धोक वाटतो. तिसरी अडचण म्हणजे शांतपणी केलेला निश्चय आवेगाच्या किंवा मद्याच्या अमलाखाली डळमळतो आणि तो डळमळेल याची आधी कल्पना येत नाही.

शिवाय हा निर्णय एकट्याचा नसतो. पत्नीने निरोधाचा आग्रह धरला, तर तो अविश्वास समजला जाईल, ही भीती तिला गप्प बसविते. वेश्याव्यवसायातील एकटी स्त्री नकार देते, तेव्हा गिऱ्हाईक शेजारच्या दारी जाते. सर्वजणींनी एकच नियम पाळला, तर नकाराला बळ येते. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून याच स्त्रियांवर निरोधवाटपाचे व प्रबोधनाचे काम सोपविले, त्यामागील मर्म हेच होय.

यावरून शिक्षक, आरोग्य कर्मचारी व पंचायत सदस्य यांना काही बोध घेता येईल. नुसती भीती घातल्याने माणूस तपासणीच टाळण्याचा संभव असतो. त्यापेक्षा निश्चय आधीच करावा, साधन हाताशी असावे आणि ‘नाही’ कसे म्हणावे याचीही तयारी असावी, हे शिकविणे अधिक उपयुक्त ठरते. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत तपासणी विनामूल्य होते आणि २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेला संरक्षण दिले आहे. ही माहिती गावातील प्रत्येकाला असली पाहिजे. कारण आपले नाव उघड होणार नाही, असा भरवसा वाटला तरच माणूस केंद्राची पायरी चढतो.